शेवटचा हात

भरे, १४ ऑक्टोबर २०२४

चि. उत्कर्षा हिस सिद्धनाथमामाचे आशीर्वाद.

तुझ्या स्टीलच्या दोन प्लेटा खऱ्या कितीला पडल्या असं कुणी विचारलं तर हिशेब असा आहे. एका डेअरीच्या टाक्यांचं काम सोडलं. ते उरवड्याच्या एकाने उचललं आणि आता तो मला पौड रस्त्यावर गाठून मुद्दाम हॉर्न वाजवतो. घासून घासून आपल्या कारखान्यातल्या भिवाजीचा उजवा खांदा गेला, जेवताना घास डाव्या हाताने घेतो. तुझी मामी अख्खा पावसाळा माझ्याशी ‘ताट वाढलंय’ एवढंच बोलली. आणि माझी झोप. बिलात यातलं काही लावता येत नाही, म्हणून पत्रात लावलं.

फोन का केला नाही म्हणशील. दिवसभर तुझा फोन गेटवरच्या कपाटात असतो, आणि घरी आलीस की तू जांभया देतेस. मागच्या वेळी तर आपण दोघंही ओरडलो आणि बावधनला तुझ्या आईला सगळं कळलं. कागदावर ओरडता येत नाही. शिवाय तू जे फिजिक्स सांगतेस ते मला दोनदा वाचावं लागतं.

प्लेटा परातीएवढ्या आहेत, हे तुला माहीतच. कडा अशा वळवल्यात की बोट कुठे संपलं आणि कड कुठे सुरू झाली ते कळत नाही. तू लिहिलं होतंस, कुठे टोक नको, ओरखडा नको, वीज टोकाशी गोळा होते आणि तिथून उडी मारते. तर टोक नाही. मी पिरंगुटात दुसऱ्याच्या पॉलिशच्या बफवर उभं राहून हा धंदा शिकलो, औषधवाल्यांच्या टाक्यांत आत उतरून घासल्या, पण असं काम पूर्वी केलं नव्हतं. तुम्ही पंच्याहत्तर हजार व्होल्ट लावणार म्हणता ना? लाख लावा. सिद्धनाथ ढेब्याची जोडी लाखाला हूं की चूं करायची नाही.

एक मात्र पाळ. धुऊ नका. तुमच्या पाण्याचा थेंब वाळला की डाग पडेल. पॉलिशचा शेवटचा हात मी स्वतः दिलाय, दार लावून. भिवाजीलाही बाहेर चहाला पाठवलं होतं. पिशवी फाडायची आणि तशीच बसवायची. दुसरी जोडी मागाहून पाठवतो.

मामा


प्रयोगशाळा वसाहत, ५ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना नमस्कार.

पेटी पोचली. उघडली तेव्हा चंद्रकांत सरांनी प्लेटेत बघून भांग नीट केला. आमच्या प्रकल्पाचे ते प्रमुख. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. म्हणाले, “हे मुळशीत झालं?” मी म्हटलं, “मुळशीत, माझ्या मामाकडे.” फार बरं वाटलं.

आता तुम्ही विचारलं होतं की हे सगळं कशासाठी. न्यूट्रॉनवर विजेचा भार नसतो, एवढं शाळेत शिकवतात. पण त्याच्या आत एका बाजूला किंचित जास्त आणि दुसऱ्या बाजूला किंचित कमी असं असेल का? असलं, तर जबरदस्त विद्युतक्षेत्रात तो थोडासा कलेल. म्हणून तुमच्या दोन प्लेटा समोरासमोर, मध्ये एक सेंटिमीटरची फट. सगळी हवा उपसलेली. एका प्लेटेला पंच्याहत्तर हजार व्होल्ट, आणि फटीतून न्यूट्रॉनचा झोत. मध्येच ठिणगी पडली की मोजणी बाद. आजवर जगात कुणालाही तो कललेला दिसलेला नाही.

रिॲक्टरमधला झोत आम्हाला मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मिळणार आहे. तोवर प्लेटा पंच्याहत्तर हजारांवर टिकल्या नाहीत तर पाळी शेजारच्या गटाला जाईल आणि माझी फेलोशिप जूनमध्ये संपते. पुढची पाळी येईपर्यंत मी इथे नसेन.

व्होल्ट एकदम लावत नाहीत, हळूहळू चढवतात. बारीक ठिणग्या पडून पडून पृष्ठभाग सरावतो. आम्ही त्याला प्लेटा मुरवणं म्हणतो. सध्या तीस हजारांवर आहोत. ठीक चाललंय.

आणि एक. इथला नियम आहे की बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आमच्या खोलीत तीनदा धुवायची. तुमच्या शब्दावर मी धुतल्या नाहीत. सरांनी विचारलं, “धुतल्या?” मी म्हटलं, “हो.” तोंडातून निघून गेलं. ठीक आहे ना मामा?

उत्कर्षा


भरे, २४ नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

‘ठीक’ दोनदा लिहिलंस. माझे कान कागदावरही चालतात, पोरी. ठीक असतं तेव्हा तू ठीक लिहीत नाहीस, जेवायला काय होतं ते लिहितेस.

सरांना धुतल्या म्हणालीस ते बरंच केलंस. मोठ्या माणसाला प्रत्येक गोष्ट सांगत बसलं तर काम कधी व्हायचं? एकदा लाख व्होल्ट उभे राहिले की कोण विचारतंय.

धुळादादा काल भुकूमवरून मेंढरं घेऊन आला. तिथल्या नव्या सोसायटीच्या वॉचमनने अडवलं, म्हणे हा आमचा जॉगिंग ट्रॅक आहे. दादा त्याला म्हणाला, “मंग काय मेंढरास्नी बूट घालू व्हय?” पाय भरून आले होते त्याचे. ओसरीवर टेकला आणि पहिलं तुझंच विचारलं. “पोरीचं इजंचं काम झालं का न्हाई?” मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो, “म्हंजी जे कुनालाच दिसलं न्हाई ते हाय का न्हाई ते बगायचं? आन न्हाईच दिसलं तर?” मी म्हटलं, तर न्हाई म्हणून छापतात. पायांवरून हात फिरवला. मग म्हणाला, “लई सोसतीया पोर.”

मीही थकलोय. गुडघे बोलतात. दिवाळीत मामीला घेऊन कुठेतरी जाणार होतो, चांदणी चौकातल्या गर्दीतूनच परत फिरलो. तीसवर अडलं असेल तर तुमचा हवा उपसायचा पंप तपासा. एवढ्या मोठ्या ठिकाणी सगळे एकमेकांवर सोडून देतात, मी टाक्या बसवायला जाऊन पाहिलंय.

मामा


प्रयोगशाळा वसाहत, २० डिसेंबर २०२४

ती. मामा,

पंप दोनदा तपासला. पंप चांगला आहे.

आम्ही चाळीस हजारांवर अडलोय. मुरवायला लागलं की ठिणग्या हळूहळू कमी व्हायला हव्यात. आमच्या वाढतात. ठिणगी नसते तेव्हाही एका प्लेटेकडून दुसरीकडे थोडी वीज झिरपत राहते. समोरच्या स्पीकरवर प्रत्येक ठिणगीचा ‘टप्’ असा आवाज येतो. आता मला वसाहतीत नळ गळत असला तरी दचकायला होतं.

शेवटी प्लेटा बसवलेला, हवा उपसलेला पेटारा उघडला. प्लेटेवर जागोजागी काळे ठिपके पडलेत, सुईने टोचल्यासारखे. झोताच्या पाळ्या ठरवणाऱ्या समितीचे एकजण आले होते. ते माझ्याकडे न बघता सरांना म्हणाले, “लोकल वर्कशॉप म्हटल्यावर असं व्हायचंच.” सर म्हणाले, “काम मी पाहिलंय, काम उत्तम आहे.” मामा, ते तुमच्या बाजूने बोलले. माझ्याही. मला त्यांच्याकडे बघवेना.

म्हणून विचारते, रागावू नका. शेवटचा हात म्हणजे नक्की काय दिलात? कुठली पेस्ट, कुठलं कापड? मला एवढंच कळवा. मी कुणाला सांगणार नाही.

जेवायला वांगं होतं.

उत्कर्षा


भरे, ३० डिसेंबर २०२४

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

वांग्याचं वाचून बरं वाटलं, बाकीचं वाचून नाही.

शेवटचा हात कुणी सांगतं का गं? आचारी तुला मसाला सांगेल का? औषधवाल्यांचे इन्स्पेक्टर विचारून दमले. त्यांना मी सांगतो, आईने शिकवला. ते हसतात आणि सही करतात.

पण तुझं म्हणणं मी मनावर घेतलंय. दोष कुठे आहे ते मला कळलं. पहिल्या जोडीवर हात कमी पडला. घाई केली होती, तूच तगादा लावला होतास. दुसरी जोडी आज कुरियरला दिली. हिच्यावर नेहमीच्या दुप्पट हात दिलाय. मी आणि फक्त मी. दार बंद, पंखा बंद. अंगठे सुजले. मामीने हळद लावली आणि मोजकं बोलली, ते इथे लिहीत नाही. ही जोडी आधीपेक्षा उजळ आहे. बघितलीस की तुझ्याच डोळ्यांखालची काळी वर्तुळं तुला दिसतील, मग जरा झोप.

समितीवाल्याला म्हणावं, लोकल वर्कशॉपमध्ये एकदा ये. चहा पाजतो.

ही पण धुऊ नको.

मामा


प्रयोगशाळा वसाहत, २२ जानेवारी २०२५

ती. मामा,

दुसरी जोडी अठ्ठावीस हजारांवर फुटली. चाळीसपर्यंतही गेली नाही.

सरांनी फक्त स्पीकर बंद केला.

एक गोष्ट सापडली मात्र. पेटारा उघडल्यावर सौरभने जांभळ्या दिव्याखाली प्लेट धरली. सौरभ म्हणजे माझ्यासोबतचा मुलगा, त्याचा माझ्या आधी पीएचडीला नंबर लागला. तर प्लेटेच्या कडेला एक धागा उभा होता. केसाहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला खवले दिसले. सर म्हणाले, “लोकर.” असा धागा विद्युतक्षेत्रात ताठ उभा राहतो, आणि टोक मिळालं की वीज तिथूनच उडी मारते.

मग काय, स्वेटरवर बंदी. पांढऱ्या कोटाखालीसुद्धा नाही. सरांनी पहिला स्वतःचाच काढला, त्यांच्या मॅडमनी विणलेला मरून रंगाचा, आणि दाराबाहेर खिळ्याला टांगला. हॉलमध्ये एसी इतका की दिवसभर कुडकुडतात. पण सौरभ थंडीत कानाला लोकरीची टोपी घालतो. प्लेटा बसवल्या तेव्हाही त्याने ती घातली होती. तो म्हणतो, कोटाची टोपी वर होती. सर म्हणाले, “उद्यापासून तू बसवणीत नको.” तो डबा न खाता गेला.

मामा, मला आता विचार करवत नाही. झोत पाच आठवड्यांवर आलाय. तिसरी जोडी करायला वेळ नाही. काल समितीचं पत्र आलं: फेब्रुवारीच्या शेवटी पंच्याहत्तर हजार दाखवा, नाहीतर पाळी सोडा.

तुम्ही तब्येतीला जपा. अंगठ्याला शेक द्या.

उत्कर्षा


भरे, २७ जानेवारी २०२५

उत्कर्षा,

त्या सौरभला आधी परत कामावर घ्यायला सांग. धागा त्याच्या टोपीचा नाही. तो धुळादादाच्या मेंढराचा आहे.

शेवटचा हात म्हणजे लोकर. कातरलेली, न धुतलेली. मूठभर घ्यायची, तळहाताखाली धरायची आणि अंगठ्याच्या जोरावर गोल गोल फिरवत राहायचं. बाजारातला कुठलाही बफ जी चमक देत नाही ती ही देते. आमच्या घरात भाकरीचे तवे सोडले तर सगळं लोकरीने पुसायचे. तिथून मला सुचलं. औषधवाल्यांच्या टाक्यांवर कधी तक्रार आली नाही, कारण ते नंतर वाफेने धुतात. आता मला हे लिहितानाच कळतंय बघ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दार लावून बसलो. धुळादादा बाहेर होता, त्याला आत घेतलं. विचारलं, “दादा, लोकरीत काय असतं?” तो माझ्याकडे येड्यासारखा बघायला लागला. “त्याल असतंय की. न्हाईतर पावसात मेंढरू भिजंल न्हाई व्हय? आमी लोकर कातारली की हात बग कसं मऊ हुत्यात.” मी म्हटलं, “हे तू मला आधी का नाही सांगितलंस?” तर म्हणतो, “तू इचारलंस कदी? तू तर दार लावून बसायचास.”

मग भिवाजीला लोकरीने चमकवलेला स्टीलचा एक उरलेला तुकडा दिला आणि म्हटलं, गरम पाण्यात साबण टाकून धू. चमक निम्म्यावर आली.

आता जे लिहितोय ते लिहायला मला तीन दिवस लागले. हे मला नवं नाही. ऑगस्टमध्ये मी एक तुकडा असाच धुऊन बघितला होता. तेव्हाही चमक गेली होती. मला वाटलं, पाण्यानेच स्टील फिकं पडतं, पाणी वाईट. चमक लोकरीच्या तेलाची होती हे मनात आलं नाही, किंवा आलं आणि मी येऊ दिलं नाही. म्हणून ‘धुऊ नका’ म्हणालो. डाग पडेल हे कारण मागून जोडलं. आणि दुसऱ्या जोडीवर दुप्पट तेल चोळून पाठवलं.

सरांना माझं हे पत्र दाखव. तू ‘धुतल्या’ म्हणालीस ते माझ्यामुळे. मामाने फसवलं असं सांग, बिनदिक्कत. माझं नाव गेलं तर जाऊ दे, टाक्या घासून पोट भरत होतं, भरेल. तुझी पाळी जाता कामा नये.

तिन्ही वेळा धुवा. चांगल्या गरम पाण्यात.

मामा


प्रयोगशाळा वसाहत, ९ मार्च २०२५

ती. मामांना नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालेलं नव्हतं आणि झालं तेव्हा वेळ नव्हता.

तुमचं पत्र मी सरांना दाखवलं नाही. आधी मीच सांगितलं की धागा तुमच्याकडच्या लोकरीचा आहे आणि प्लेटा मी धुतल्या नव्हत्या. ते खुर्चीत बसले. म्हणाले, “मामाने सांगितलं म्हणून?” मी म्हटलं, “हो.” “उत्कर्षा, माझ्या बायकोच्या मामांचं मत आहे की माणूस चंद्रावर गेलाच नाही. मी ते ऐकून प्रकल्प चालवतो का?” मला हसू येत होतं आणि रडूही. मग म्हणाले, “चूक नुसती पॉलिशची असती तर समजू शकलो असतो. मी तुला विचारलं होतं, आणि तू हो म्हणालीस. ते मी कशाने धुऊ?” त्यांनी माझ्याकडची स्वच्छ खोलीची किल्ली काढून सौरभला दिली. त्या दिवसापासून तीच व्यवस्था आहे. मी आत जाते ती त्याच्यासोबत. तो माझ्याशी नीट बोलतो, त्याचंच जास्त लागतं. स्वेटर मात्र सरांनी परत घातला.

दोन्ही जोड्या आम्ही तिघांनी धुतल्या. पहिल्याच पाण्यावर तवंग आला. सरांनी हातमोजा पाण्यात घातला, बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाले, “हे तर मेंढरू आहे.” पहिली जोडी बरी निघाली. काळ्या ठिपक्यांपुरतं इथल्या मशीनवर घासलं. ती आता करडी दिसते, चुलीवरच्या पातेल्यासारखी. तीच बसवली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात व्होल्ट चढवायला घेतले. चाळीसला सगळे स्पीकरकडे बघत होते. पार झालं. पन्नास. साठला दोन ठिणग्या पडल्या आणि मग थांबल्या. समितीचे ते गृहस्थ आले होते, उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पंच्याहत्तर हजारांवर प्लेटा सहा तास टिकल्या. सरांनी वहीत वेळ लिहिली आणि म्हणाले, “ठीक.” ते ठीक म्हणतात तेव्हा मात्र ठीक असतं.

झोत चालू आहे. न्यूट्रॉन कललेला अजून दिसलेला नाही. मोजणी पुरती व्हायला महिने लागतील, आणि ती माझ्यानंतर कुणीतरी करील. माझी फेलोशिप सरांनी डिसेंबरपर्यंत वाढवून मागितली आहे. मंजूर होईल की नाही ते सांगता येत नाही. पुढच्या प्लेटा निविदा काढून घेणार आहेत. मी तुमचं नाव सुचवलं नाही, मामा. सरांनीच लिहिलंय. खाली ओळ टाकली आहे: शेवटचा हात लेखी कळवावा.

भिवाजीकाकांच्या खांद्याचं कळवा. धुळामामांना सांगा, अजून काही दिसलेलं नाही, दिसलं नाही तर न्हाई म्हणून छापू. मी आज दुपारी दोन तास झोपले. कुणी उठवलं नाही.

तुम्ही लाखाचं विचाराल म्हणून लिहिते. पंच्याहत्तरच्या वर आम्हाला गरज नव्हती, पण काल झोत बंद असताना सरांनी एकदा चढवून पाहिलं. अठ्ठ्याहत्तर हजारांवर ठिणगी पडली.

उत्कर्षा